वाचलं असं समजावं

सव्वीस वर्षं मी प्रभाग समितीच्या सभेत बसते आहे, आणि परवापरवापर्यंत त्या सभागृहात एक शब्द बोललेले नव्हते. बोलायचं ते सदस्यांनी, लिहायचं ते मी. कोणी ठराव मांडला, कोणी अनुमोदन दिलं, काय ठरलं, हे टिपून त्याचं इतिवृत्त तयार करायचं ही माझी नोकरी. पुढच्या महिन्याच्या सभेत पहिलाच विषय असतो, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. आता 'वाचून' असं छापलंय म्हणून कोणी वाचतं थोडंच! अध्यक्षबाई विचारतात, "वाचलं असं समजावं?" सगळे म्हणतात, "समजावं." झालं कायम. हुकूम निघतात तेही यावरूनच, कायम व्हायची वाट न बघता, रस्ते खणले जातात, दिवे लागतात. आणि जे इतिवृत्तात नाही, ते सभेत झालंच नाही.

बरीच वर्षं हे बघून मी शहाणी झाले. नको तितकी. सभेत काय होणार हे विषयपत्रिका बघूनच कळतं, हे माझ्या लक्षात आलं. चौदा विषय असले की चौदा वेळा 'सर्वानुमते मंजूर'. मग सभेनंतर मान मोडून टाइप करत कशाला बसा? मी आदल्या दिवशीच इतिवृत्त तयार करून ठेवायला लागले. कोणी काही वेगळं बोललंच, तर तेवढं पेन्सिलीनं टिपायचं आणि नंतर घालायचं. असं वर्षातून एखाद वेळा व्हायचं. एरवी सभाभर मी मान खाली घालून पुढच्या महिन्याच्या नोटिसांची पाकिटं चिकटवत असायची. सदस्यांना वाटायचं, बाई काय मन लावून लिहितात. कधीकधी मलाही तसंच वाटायचं.

त्या दिवशी चारची सभा होती. चारला दहा कमी असताना मला जिन्यात ओव्हरसीअर भेटले. म्हणजे आता माजी. मागच्या सभेच्या दुसऱ्या दिवशी ते निवृत्त झाले, महिनाभर लेकीकडे राहून आले आणि आज कसलासा दाखला न्यायला कचेरीत आले होते. यांचा आवाज जन्मापासून खोल विहिरीतला. दोन पायऱ्या खाली उतरून कान पुढे करावा तेव्हा कुठं कळायचं.

"बाई, पूल उघडा कसा काय?"

"कुठला पूल?"

"कालव्यावरचा, पायी जायचा. मी आत्ता खालून बघून आलो. वरून माणसं चाललीत. मागच्या सभेत मी सांगितलं होतं ना, तुळईला भेग गेलीय, आजच्या आज पूल बंद करा म्हणून? अध्यक्षबाई म्हणाल्या, ठीक आहे, मंजूर. तुम्ही समोरच तर होता."

मी समोरच होते. पाकिटांना डिंक लावत होते. अकरावा विषय, 'पादचारी पुलाची वार्षिक पाहणी'. तो मी आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. 'पाहणी झाली. पूल सुस्थितीत आहे. सर्वानुमते नोंद घेण्यात आली.' दरवर्षी तेच असतं. ओव्हरसीअर उभे राहून काहीतरी पुटपुटले, ते ना मी ऐकलं ना आणखी कोणी. अध्यक्षबाईंनी 'ठीक आहे, मंजूर' म्हटलं, कारण त्या सगळ्यालाच तसं म्हणतात.

"भेग किती आहे?" मी विचारलं.

"तेव्हा नख जात नव्हतं. आज करंगळी जाते. आणि बाई, वाजतोय तो. पाय पडला की कट् करून वाजतो."

माझे हातपाय गार पडले. असं नुसतं म्हणतात असं मला वाटायचं, पण खरंच गार पडतात, आधी बोटं आणि मग गुडघे. कालव्यापलीकडे शाळा आहे. त्या शाळेत माझी भाची शिकवते. माझी बहीण गेली तेव्हा ती सात वर्षांची होती, तेव्हापासून माझ्याच घरात वाढली. भाची म्हणायचं ते लोकांसाठी. कालव्याच्या अलीकडे राहणाऱ्या अकरा मुलांना ती रोज शाळा सुटल्यावर त्या पुलावरून घेऊन येते आणि ज्याच्या त्याच्या घरी पोचवते. शाळा पाचला सुटते. मी घड्याळ पाहिलं. सत्तर मिनिटं होती.

तिथंच जिन्यात मी तिला तीनदा फोन केला. तो लागणार नाही हे मला ठाऊक होतं. मुलं घरी पोचेपर्यंत शिक्षकांचे फोन मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवायचे, असा नियमच आहे. हा नियमही कधीतरी मीच टाइप केला असेल. शाळेचा फोन नुसता वाजत राहिला.

"तुम्ही पुलावर जा," मी ओव्हरसीअरना म्हटलं. "कोणाला जाऊ देऊ नका. मी हुकूम घेऊन येते."

"माझं आता कोण ऐकणार, बाई?"

"जा हो तुम्ही!" मी ओरडले. बिचारे काठी टेकत निघाले.

आमच्या अध्यक्षबाई दातांच्या डॉक्टर आहेत. महिन्यातला हा एक दिवस दोन पेशंटच्या मध्ये बसवून त्या सभा उरकतात. मी त्यांना सभागृहाच्या दारात गाठलं. सगळं खरं सांगायचं असं ठरवूनच गेले होते. मॅडम, माझ्या हातून चूक झाली, मी सभेआधीच लिहून ठेवते, पूल बंद करायचं राहून गेलं. एवढी तीन वाक्यं. तोंडातून आलं ते असं, "मॅडम, ते मागच्या इतिवृत्तात एक बारीकशी दुरुस्ती होती."

"सभा झाल्यावर बघू ना. भूल देऊन ठेवलाय एकजण," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

बारीकशी! दोन वर्षं राहिली होती माझ्या निवृत्तीला, आणि माझी जीभ त्या दोन वर्षांना चिकटून बसली होती. माझी मलाच इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. पण चीड येऊनही मी आत जाऊन माझ्या खुर्चीवरच बसले. सवय.

सभा सुरू व्हायला सव्वाचार झाले. मी मनाशी हिशेब घातला. इतिवृत्त कायम व्हायला एक मिनिट, सगळी सभा उरकायला वीस. मग अध्यक्षबाईंना धरायचं, सही घ्यायची आणि पळायचं. पूल सात मिनिटांवर. पाचच्या आत होत होतं. पण सभा लांबली तर? आणि त्या सहीच करणार नाहीत तर?

"मागील सभेचं इतिवृत्त," अध्यक्षबाई म्हणाल्या. "वाचलं असं समजावं?"

"नाही," कोणीतरी म्हणालं.

सगळ्यांच्या माना वळल्या. टेलरकाका होते. टेलरकाका म्हणजे आमचे सगळ्यात जुने सदस्य. ते दर सभेला सगळ्यात आधी येतात, पंख्याखालची खुर्ची धरतात आणि शेवटपर्यंत झोपतात. मी मनातल्या मनात त्यांना डुलकीकाका म्हणते. आज त्यांचा डावा गाल टम्म सुजलेला होता आणि डोळे लालभडक. त्यांची दाढ त्याच दिवशी सकाळी अध्यक्षबाईंनीच काढली होती, आणि त्यांचं म्हणणं असं की चुकीची काढली.

"विषयपत्रिकेवर 'वाचून' असं लिहिलंय," ते रुमाल गालाला धरून म्हणाले. "तर वाचायचं. सगळं. मला काही घाई नाही."

"काका, अहो, दुखायचं दोन दिवस. त्याचा राग इथं कशाला?"

"मी दाढेचं बोललोय का? मी नियमाचं बोलतोय."

पाच मिनिटं हेच. अध्यक्षबाईंना पेशंट आठवत होता, काकांना दाढ, आणि मला तो कट् आवाज. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "वाचा हो बाई. भराभर वाचा."

मी उभी राहिले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत माझा आवाज निघाला, आणि तो मलाच ओळखू येईना. माझीच वाक्यं होती, मीच घडवलेली, गुळगुळीत. मी पहिला विषय वाचला, दुसरा वाचला. अकरावा येणार होता. तिथं 'पूल सुस्थितीत आहे' हे मला स्वतःच्या तोंडानं वाचावं लागणार होतं. तिसरा. चौथा. पाचवा.

"विषय क्रमांक सहा," मी वाचलं. "परीक्षा जवळ आल्याने कालव्यापलीकडील शाळा चालू महिन्यापासून पाचऐवजी साडेचारला सोडण्यास सर्वानुमते मंजुरी."

मी थांबले. ते वाक्य मीच टाइप केलं होतं. टाइप केलं, पण वाचलं नव्हतं. महिनाभर भाची घरी लवकर येत होती. मला वाटलं, परीक्षा आल्यात, काम आटोपत असेल पटकन. विचारलंही नव्हतं. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. चार पंचवीस.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "हं, पुढं." दाराजवळचा शिपाई माझ्याकडे बघत होता. मनात आलं, टाकावा कागद आणि पळावं. पळून काय करणार होते? पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी मोठं लोखंडी फाटक आहे, त्याची किल्ली कचेरीत असते आणि लेखी हुकुमाशिवाय ती कोणी हलवत नाही. मी फार तर भाचीला थांबवलं असतं. आणि तिच्यामागून येणाऱ्यांना? उद्या येणाऱ्यांना?

तेव्हा मी जे केलं ते सव्वीस वर्षांच्या नोकरीत कोणा लेखनिकानं करू नये असं आहे. मी सहावरून थेट अकरावर गेले. आणि कागदावर जे होतं, ते वाचलं नाही.

"विषय क्रमांक अकरा. पादचारी पुलाच्या तुळईला भेग असल्याचे ओव्हरसीअर यांनी सभेत सांगितले. पूल तात्काळ बंद करून फाटकाला कुलूप लावावे, असे ठरले. सर्वानुमते मंजूर. या ठरावाची अंमलबजावणी झालेली नाही."

शेवटचं वाक्य कुठून आलं मला कळलं नाही. इतिवृत्तात असं वाक्य कधीच नसतं.

आता कोणीतरी कागद मागणार. कागद मागितला की संपलं. पण कोणी हात पुढे केला नाही. कोणी ऐकलंच नव्हतं, नेहमीसारखं. एकजण मोबाईलमध्ये, एकजण खिडकीबाहेर. फक्त टेलरकाका रुमाल बाजूला करून माझ्याकडे टक लावून बघत होते. झोपमोड झालेला माणूस किती नीट बघतो, हे मला त्या दिवशी कळलं. सात ते दहा मी गाळले, हे त्यांनी पकडलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. आता माझी नोकरी आणि ती अकरा पोरं त्यांच्या सुजलेल्या तोंडात होती.

"कायम करावं, असं मी मांडतो," काका म्हणाले. "आणि अध्यक्षांनी तो पुलाचा हुकूम इथंच सही करून द्यावा. महिना झाला म्हणतायत."

"द्या इकडे," अध्यक्षबाई म्हणाल्या. सुटका झाल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसत होता. मी कोऱ्या कागदावर तीन ओळी खरडल्या, त्यांनी न वाचता सही केली. शिपायानं फाटकाची किल्ली खुंटीवरून काढली आणि मला म्हणाला, "ताई, चला, मी पण येतो."

पन्नाशी उलटल्यावर मी धावले नव्हते. चप्पल एका वळणावर सुटली ती तशीच टाकली. शिपाई माझ्यापुढे वीस पावलं. औषधाचं दुकान, सायकलवाला, बंद पडलेलं कारंजं, मग उतार, मग कालवा. धापा टाकत मी एवढंच म्हणत होते, उशीर होऊ दे तिला, कोणाची तरी वही राहू दे वर्गात, कोणाला तरी शिक्षा होऊ दे.

वही कोणाची राहिली नव्हती. भाची पुलावर होती.

बरोब्बर मधोमध, अकराच्या अकरा पोरांसकट. ओव्हरसीअर अलीकडच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभे होते. मुलं निम्म्यावर आलेली पाहून त्यांनी जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं आवाज दिला होता, "थांबा!" आणि ती थांबली होती. सगळी एकाच जागी, एकमेकांना चिकटून. ओझं पसरायचं ते एका ठिकाणी गोळा झालं होतं. खाली पाणी कमी आणि दगड जास्त.

"मावशी?" भाचीनं मला पाहिलं. "काय झालंय? हे आजोबा काय म्हणतायत?"

पूल वाजला. कट्. मी तो ऐकला. फार मोठा आवाज नव्हता, बोट मोडावं एवढाच. एक मुलगी रडायला लागली आणि बाकीची हलली, पळायच्या बेतात.

"सगळी पळाली तर जाईल," ओव्हरसीअर माझ्या कानाशी पुटपुटले. "एकेक आणा. पाय न आपटता. कडेकडेनं."

मी ओरडले असते तर माझ्या आवाजातली भीती पोरांनी ओळखली असती. मग मी तोच आवाज काढला जो मला मघाशीच सापडला होता. सभेतला, कोरडा, कंटाळवाणा.

"विषय क्रमांक एक," मी म्हणाले. "निळं दप्तर. कडेकडेनं चालत पुढे यावं. बाकीच्यांनी जागेवर बसून घ्यावं."

निळ्या दप्तराला हसू आलं. मुलं घाबरलेली असली तरी हसतात. ते कडेचा कठडा धरून आलं, ओव्हरसीअरनी त्याला उचलून मागे ठेवलं.

"मंजूर. विषय क्रमांक दोन. दोन वेण्या."

अशी मी त्यांना आणली. चष्मा. फाटका बूट. रडणारी. तिला मी 'तातडीचा विषय' म्हटलं, मग ती आली. प्रत्येक पावलाला मी त्या पोराकडे न बघता पुलाखाली बघत होते. पाचवा असताना पुन्हा वाजलं. आठवा असताना दोनदा. प्रत्येक वेळी मी 'मंजूर' म्हणत होते आणि मनात म्हणत होते, ही मी लिहिलेली ओळ आहे, 'पूल सुस्थितीत आहे', यावर ही पोरं उभी आहेत.

अकरावा आला. मग भाची एकटी राहिली. तिला आकडा देता येईना मला.

"मावशी, मी बारावी ना?" ती तिकडून म्हणाली. तिला सगळं कळलं होतं, माझा चेहरा तिनं आयुष्यभर वाचलाय.

"ये गं," मी म्हणाले. "ये माझे बाई, हळू ये."

ती आली. पूल पडला नाही. शिपायानं कुलूप घातलं, मग तो वळसा घालून पलीकडच्या बाजूला दोर बांधायला पळाला, आणि मी रस्त्यावर फतकल मारून बसले ती कितीतरी वेळ. दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ आले. तुळईचा धरून राहिलेला भाग त्यांनी ओव्हरसीअरना दाखवला. तो किती उरला होता, तो आकडा ओव्हरसीअरनी मला सांगितला नाही, मीही विचारला नाही.

कचेरीत माझं कौतुक झालं. अध्यक्षबाई म्हणाल्या, किती तत्पर आहेत आपल्या बाई. मूळ इतिवृत्ताचा कागद माझ्या खणातच होता. तो फाडून, मी वाचलं तसं नवीन टाइप करून ठेवलं असतं, तर जगात कोणाला कळलं नसतं. तीन रात्री मला झोप नाही. डोळा लागला की कट्. चौथ्या दिवशी सकाळी मी त्या सभेचं इतिवृत्त लिहायला बसले, आणि या वेळी जे झालं ते लिहिलं. सगळं. दोन पानं झाली. मूळ कागद त्याला टाचणीनं लावला.

पुढच्या महिन्यात सभा भरली. टेलरकाकांचा गाल उतरला होता. ते पंख्याखाली बसले आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागले.

"मागील सभेचं इतिवृत्त," अध्यक्षबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "वाचलं असं समजावं?"

"समजावं, समजावं."

झालंच होतं जवळजवळ. माझा कबुलीजबाब कायम होऊन फायलीत गेला असता, आणि तिथून तो कोणी बाहेर काढला नसता. मी लिहिलंही असतं आणि वाचलेही असते. पुलावरच्या पोरांना एकेक करून हाक मारायला मी होते, इथं मला हाक मारणारं कोणी नव्हतं.

मी उभी राहिले. अध्यक्षबाईंनी भुवया उंचावल्या.

"नाही," मी म्हणाले. "मी वाचणार आहे." आणि कागद दोन्ही हातांनी धरून सुरुवात केली. "विषय क्रमांक एक. त्याआधीच्या सभेचे इतिवृत्त सभा होण्याच्या आदल्या दिवशी लिहून ठेवलेले होते. ते लिहिणारी मी."